मेजावरची आगगाडी आणि वळण

पुण्याहून निघणारा लोहमार्ग शिंदवण्याच्या व आदरकीच्या घाटांत वळणांमागून वळणें घेत सातारा जिल्ह्यांतून जातो आणि कऱ्हाड, किर्लोस्करवाडी मागें टाकून सांगलीवरून मिरजेस पोहोंचतो. 1970 च्या सुमारास ब्रॉड गेज आल्यावर मिरजेस कित्येक वर्षें तिन्ही मापांचे रूळ एकत्र आलेले दिसत. अशा मुलखांतील मुलांना आगगाडीचें वेड लागावें यांत नवल तें कसलें?

हें वेड घरांत शिरलें म्हणजे मात्र त्यास मेजाएवढीच जागा मिळते. सांगलीच्या एका कुटुंबांत असेंच झालें. पुण्यास कोथरूडमध्यें 1998 सालीं उघडलेलें जोशी यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय मुलानें पाहिलें व घरीं येतांच हट्ट धरला. वडिलांनीं पगारांतून शिल्लक टाकून इंजिन, रूळ व चार लांब डबे आणविले. पहिल्या संध्याकाळीं इंजिन एकटें सुरेख धांवलें. डबे जोडतांच वळणाच्या तोंडाशीं दुसरा डबा रुळांवरून उतरला. पुन्हां ठेवला, पुन्हां उतरला. मुलगा रडकुंडीस आला. वडिलांनीं रुळांस दोष दिला, मग दुकानदारास दिला. दोष होता तो डबे जोडणाऱ्या कपलरचा.

गणित फारसें अवघड नाहीं. आपल्याकडील जुन्या बनावटीचा प्रवासी डबा सुमारें 21.3 मीटर लांब असतो, व त्याच्या दोन बोगींच्या मध्यांतील अंतर सुमारें 14.8 मीटर भरतें. (लोक सबंध डब्यासच बोगी म्हणतात; वास्तविक बोगी म्हणजे डब्याखालील चाकांची फिरती गाडी.) 87 पटींनीं लहान केल्यास हीं मापें साडेचोवीस व सतरा सेंटिमीटर होतात. वळणाची त्रिज्या 36 सेंटिमीटर असेल तर डब्याचें टोंक रुळांच्या मध्यापासून जवळजवळ 11 मिलिमीटर बाहेर झुकतें. मागचा डबा अजून सरळ रुळावर असतो, त्याचें टोंक मध्यावरच राहतें. मधला कपलर या ओढाताणींत सांपडतो आणि हलका डबा उचलला जातो. उजव्या वळणास लागूनच डावें वळण असेल तर हा फरक दुप्पट होतो. म्हणून अशा दोन वळणांमध्यें निदान एका डब्याएवढा सरळ रूळ ठेवावा.

कपलर डब्याच्या अंगास पक्का बसविलेला असला तर गाडी खरी दिसते, पण त्याची मान आंखूड असल्यास तीव्र वळणावर ती चालत नाहीं. बोगीस बसविलेला कपलर बोगीबरोबर वळतो व रुळांच्या मध्याजवळ राहतो. मात्र गाडी मागें ढकलतांना सारा जोर बोगीवर येऊन ती तिरपी होते. युरोपीय बनावटीच्या पुष्कळ डब्यांत तिसरी युक्ति असते: कपलरची दांडी वळणावर आपोआप लांबते व सरळ रुळावर आंखडते. त्यासाठीं दोन्ही कपलर एकमेकांत घट्ट बसून एक ताठ दांडी झाली पाहिजे. कीथ व डेल या अमेरिकन बंधूंच्या आद्याक्षरांवरून नांव पडलेला ‘केडी’ कपलर दिसावयास खऱ्यासारखा, लोहचुंबकानें सुटणारा व निरनिराळ्या लांबीचा मिळतो. परंतु तो जोडांत थोडा सैल राहतो, म्हणून या युक्तीचा पुरा लाभ त्यास मिळत नाहीं. मेज लहान असल्यास दिसण्याचा मोह सोडून लांब मानेचाच घ्यावा हें बरें. विकत घेण्यापूर्वीं दोनच डबे जोडून वळणावरून मागें ढकलून पाहावे. ओढतांना लपलेली खोड तेथें उघडी पडते.

खऱ्या ब्रॉड गेजवर 175 मीटरांहून लहान त्रिज्या ठेवीत नाहींत. मेजावर ती दोन मीटर होईल, म्हणजे अर्धा दिवाणखाना गेला! उलट नॅरो गेजला 44 मीटर चालतात; मेजावर अवघें अर्धा मीटर. त्या रुळांची 762 मिलिमीटर रुंदी लहान होऊन नऊ मिलिमीटरांच्या आंत येते आणि तयार मिळणाऱ्या नऊ मिलिमीटरांच्या रुळावर ती गाडी सहज बसते. 1897 सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे 1927 मध्यें मिरजेस पोहोंचली ती याच मापाची.

त्या घरांतील आजोबा लहानपणीं याच गाडीनें मिरजेहून पंढरपुरास गेले होते. नातवास अजूनहि लांब एक्स्प्रेसच हवी आहे. तूर्त दोन लांब डबे पेटींत गेले आहेत, दोहोंना लांब मानेचे कपलर लावले आहेत, आणि आजोबा एका कागदावर लहान गाडीच्या डब्याची आठवणीनें आकृति काढीत बसले आहेत.