पत्र्याच्या शेडमधली ऊब

थंडी पडायला लागली की नाशिक, निफाड, धुळे, जळगाव या पट्ट्यातून एक प्रश्न हमखास येतो. घराशेजारी पत्र्याची शेड आहे. दिवसा तिथं स्कूटर उभी असते, संध्याकाळी कुणी सुतारकाम करतं, कुणी मोटारींचं वाइंडिंग, कुणाचा छोटासा लेथ आहे. डिसेंबर-जानेवारीत हात असे काकडतात की पटाशी धरवत नाही. तर मग हीटर कुठला घेऊ?

माझं सांगणं असं, की हीटर सगळ्यात शेवटी घ्या. आधी डोक्यावरचा पत्रा बघा, मग वायरिंग बघा.

समजा, तुमची शेड दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंच आणि चारही बाजूंनी पत्र्याची आहे. बाहेर 8 अंश तापमान आहे आणि आत तुम्हाला 18 हवंय. ढोबळ हिशेब केला तर त्यासाठी सतत 3000 वॉट लागतात. फटींतून निसटणारी ऊब यात धरलेलीच नाही. भिंती नऊ इंची विटांच्या असल्या तर हा आकडा निम्म्यावर येतो. पण त्यातही गंमत बघा, चारही भिंतींतून मिळून जेवढी ऊब जाते, जवळजवळ तेवढीच एकट्या छताच्या पत्र्यातून जाते. म्हणून हजार-दोन हजार रुपये हीटरवर जास्त घालण्याऐवजी छताखाली जिप्सम किंवा सिमेंटच्या बोर्डाचं सीलिंग करून घ्या. थर्मोकोल स्वस्त मिळतं, पण ते भराभर पेटतं आणि त्याचा काळा धूर जीवघेणा असतो. वर्कशॉपमध्ये ते नकोच. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये पन्हळींची जी भोकं उरतात, तीही बुजवून घ्या. हवा खेळायला एक खिडकी पुरते.

सीलिंग करणं जमण्यासारखं नसेल, तर शेड तापवण्याचा नाद सोडा आणि स्वतःला ऊब द्या. पंख्याचा ब्लोअर हवा गरम करतो. गरम हवा वर जाते, पत्र्याला लागते आणि गार होते. तुमचे पाय शेवटपर्यंत गारच राहतात. शिवाय भुसा उडवण्याचं काम तो फुकटात करतो. याउलट इन्फ्रारेड हीटर उन्हासारखा थेट अंगाला ऊब देतो. एका जागी उभं राहून काम करणाऱ्याला 1000 ते 1500 वॉटचा हीटर पुरे होतो. तो भिंतीवर बसवण्यासाठीच बनवलेला असावा. टेबलावर ठेवायचा हीटर तारेनं बांधून टांगू नका. साधारण सात फुटांवर, खाली कललेला, खांद्याच्या बाजूनं ऊब येईल असा तो लावा. समोर लावला तर डोळ्यांवर उजेड येतो, आणि फिरत्या पात्याजवळ काम करताना ते धोक्याचं आहे. हीटरच्या समोर तीन-चार फुटांत लाकूड, कापड, पुठ्ठा काही नको.

सुतारकाम करणाऱ्यांची अडचण थोडी निराळी आहे. लाकडाचा पांढरा गम फार थंडीत नीट धरत नाही. सांध्यातून बाहेर आलेला गम वाळल्यावर पारदर्शक दिसायला हवा. तो खडूसारखा पांढरा आणि नखानं भुगा होणारा दिसला, तर आतला जोडही तसाच कच्चा आहे असं समजा. अशा कामाला तेलाचा रेडिएटर चांगला. तापायला त्याला वीस-तीस मिनिटं लागतात, पण त्याची तार उघडी लालबुंद होत नाही आणि ऊब बराच वेळ टिकते. गम, लाकूड आणि क्लॅम्प तिन्ही आधी उबदार होऊ द्या, मग जोड लावा.

दुकानात तुम्हाला सांगतील, हा हीटर कमी विजेत जास्त ऊब देतो. यावर विश्वास ठेवू नका. विजेचा कुठलाही हीटर असो, 1000 वॉट तासभर चालला की एक युनिट जळतं आणि तेवढीच उष्णता मिळते. फरक फक्त ती उष्णता कुठं पोचते याचा. 2000 वॉटचा हीटर रोज तीन तास असा साठ दिवस चालवला तर 360 युनिटं होतात, आणि महावितरणच्या दरांच्या टप्प्यांमुळे बिल अचानक वरच्या टप्प्यात जाऊ शकतं. आयएसआय खूण मात्र बघूनच घ्या.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका. शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीनं त्याला धरून ठेवतं. माणसाला आधी डोकेदुखी होते, मग झापड येते, आणि उठून दार उघडायचं त्राणच उरत नाही. गॅसच्या हीटरलाही माझा विरोध आहे. हवा कमी पडली की त्यातूनही हाच वायू निघतो. शिवाय एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत मिसळतं. ती वाफ रात्री गार लोखंडावर जमते, आणि सकाळी लेथच्या बेडवर, रंध्याच्या पात्यावर तांबूस थर दिसतो.

आणि थिनर. पेट्रोल आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. त्यामुळे जमिनीवर ठेवलेला उघड्या कॉइलचा हीटर आणि शेजारी उभी स्कूटर ही जोडी कधीही नको. पॉलिश करायचं असेल तर शेड आधी तापवून घ्या, हीटर बंद करा, तो गार होऊ द्या, खिडकी उघडा आणि मगच डबा उघडा. रंधा-सँडिंग झाल्यावर हीटरवर बसलेला भुसा, तो पूर्ण गार असताना, ब्रशनं झाडा.

आता वायरिंग. 2000 वॉटचा हीटर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. मोबाईल चार्ज करायचा बारीक पिनांचा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. घरातून खिडकीवाटे ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर हा भार टाकला की आधी बोर्डाच्या भोकांभोवती पिवळट डाग पडतो, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. बहुतेक लोक त्या वासाला हीटर नवा असल्याचा वास समजतात, आणि तिथंच घात होतो. शेडसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, शेड लांब असेल किंवा त्याच लाइनवर मशिनही चालणार असेल तर चारची. हीटरला 16 अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतःची एमसीबी, आणि अख्ख्या शेडला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच. शेडचा पत्रा आणि सांगाडाही अर्थिंगला जोडलेला हवा, कारण एखादी वायर पत्र्याला घासून सोलली गेली तर सगळी शेडच जिवंत होते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि घराचा मंजूर भार एवढं ओझं पेलेल का, हेही त्यालाच विचारा.

नवा हीटर लावला की अर्धा तास चालवा. मग तो बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात न लावता प्लगच्या पाठीवर बोट टेकवा. कोमट लागला तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल तर सॉकेट सैल आहे किंवा जोड कच्चा आहे, तो बदलून घ्या. रात्री शेड बंद करताना हीटरचं बटण बंद करून थांबू नका, त्याची एमसीबीही खाली करा. आरसीसीबीवर टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर ती लगेच पडली पाहिजे. पडली नाही, तर वायरमन येऊन ती बदलेपर्यंत हीटर लावू नका.