सदोमचे पाप कोणते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो आपल्या नेहमीच्या विषयांच्या पंक्तीत बसणारा नाही. ज्यू धर्माने समलिंगी संबंधांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले आणि ती दृष्टी कशी बदलत गेली, याचा हा विचार आहे. शेतमालाचे भाव आणि असंघटित कामगारांची मजुरी हे प्रश्न समोर उभे असताना हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, धर्म आणि परिवर्तन यांच्या संबंधाविषयी आपल्यात दोन सोप्या समजुती रूढ आहेत. ग्रंथात लिहिले आहे, तेव्हा समाज बदलणार नाही, ही एक. आर्थिक संबंध बदलले की असले प्रश्न आपोआप सुटतील, ही दुसरी. या दोन्ही समजुती तपासण्यासाठी ज्यू समाजाचा अनुभव फार उपयोगी आहे. कारण तेथे ग्रंथाचे शब्द अत्यंत कठोर आहेत आणि तरीही इतिहास एका रेषेत गेलेला नाही.

प्रथम ग्रंथ पाहू. तोरामधील लेवीय या भागाच्या अठराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग करणे निषिद्ध ठरविले आहे, आणि विसाव्या अध्यायात त्यासाठी देहदंड सांगितला आहे. या शब्दांचा अर्थ सौम्य करून सांगण्याचा खटाटोप मी करणार नाही. मात्र स्त्रियांच्या परस्परसंबंधांचा तोरामध्ये उल्लेखच नाही. ताल्मुदने तो विषय हलकेच हाताळला. पुढे बाराव्या शतकात मायमोनिदीसने अशा संबंधांना निषिद्ध ठरविले, तरी देहदंडाच्या गुन्ह्यांत त्यांची गणना केली नाही. जमीन आणि वारसा पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या समाजात पुरुषाच्या बीजाची चिंता अधिक आणि स्त्रीच्या इच्छेची दखल कमी, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवल वाटण्यासारखे नाही.

पण ज्यू धर्म म्हणजे केवळ तोरा नव्हे. तोरावर शतकानुशतके चाललेला वादविवाद, त्यातून सिद्ध झालेला मिश्ना, त्यावरील ताल्मुद आणि त्यांतून घडलेला आचारधर्म, म्हणजे हलाखा, असा हा विस्तार आहे. या वादविवादात देहदंडाचे काय झाले? सत्तर वर्षांत एकालाही मृत्युदंड देणाऱ्या न्यायसभेला संहारक म्हणावे, असे एका रब्बीचे मत मिश्नामध्ये नोंदले आहे. आपण न्यायसभेत असतो तर कोणालाही कधीच मृत्युदंड झाला नसता, असे रब्बी अकिवा आणि रब्बी तार्फोन यांनी म्हटल्याचेही तेथेच नमूद आहे. बंडखोर पुत्राला दगडांनी मारावे, ही तोरामधील आज्ञा. तिच्यावर ताल्मुदमध्ये इतक्या अटी लादल्या गेल्या की, असा पुत्र कधी झाला नाही आणि होणारही नाही, असे मत शेवटी मांडले गेले. शब्द पुसला नाही. त्याची धार मात्र काढून घेतली. ग्रंथप्रामाण्य मानणारा समाजही ग्रंथाशी कसा व्यवहार करू शकतो, याचा हा वस्तुपाठ होय.

आता सदोम नगराची कथा घ्या. युरोपातील ख्रिस्ती परंपरेने या नगराच्या नावावरून एका गुन्ह्याला नाव दिले आणि तो गुन्हा समलिंगी संबंधांचा मानला. यहेज्केल या संदेष्ट्याने मात्र सदोमचे पाप निराळे सांगितले आहे: तेथे अन्नाची रेलचेल होती, स्वास्थ्य होते, आणि गरिबाचा हात कोणी धरला नाही. ताल्मुदमध्ये तर या नगराच्या अर्थव्यवहाराचे वर्णनच आहे. गावात भिकारी आला की प्रत्येक जण त्याला आपले नाव कोरलेले एक नाणे देई. पण भाकरी मात्र कोणी विकत देत नसे. तो भुकेने मेला की प्रत्येक जण येऊन आपापले नाणे परत घेऊन जाई. एका मुलीने घागरीत लपवून गरिबाला भाकरी दिली. तेव्हा तिच्या अंगाला मध फासून तिला मधमाश्यांच्या स्वाधीन करण्यात आले. हातात पैसा आहे आणि बाजारात अन्न मिळत नाही, या अवस्थेवर आमच्या शास्त्रात ग्रंथ लिहिले गेले आहेत; रब्बींनी ती चार ओळींत सांगितली. त्यांच्या वर्णनात सदोमच्या पापाचा भर गरिबाला उपाशी मारणाऱ्या धनिकतेवर आहे, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये.

मध्ययुगातही एकच सूर नव्हता. मुसलमान राजवटीतील स्पेनमध्ये अकराव्या-बाराव्या शतकांत शमुएल हानागिद आणि मोशे इब्न एझ्रा यांच्यासारख्या विद्वानांनी सुंदर तरुणांवरील प्रेमाच्या हिब्रू कविता रचल्या. हे दोघेही समाजातील मान्यवर होते. या कविता निव्वळ काव्यसंकेत होत्या की अनुभव होता, यावर अभ्यासक भांडतात. तरी त्या जपल्या गेल्या, एवढे खरे.

आधुनिक काळात प्रश्न राजकारणात आला, आणि येथे समाजवाद्यांचा थेट संबंध पोचतो. माग्नुस हिर्शफेल्ड हे एका ज्यू वैद्याचे पुत्र. स्वतः धार्मिक नव्हते. त्यांनी 1897 मध्ये बर्लिनला समिती स्थापून जर्मन दंडसंहितेतील 175 वे कलम रद्द करण्याची मागणी केली. त्या निवेदनावर समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांनी सही केली आणि 1898 मध्ये संसदेत या कलमाविरुद्ध भाषण केले. 1919 मध्ये हिर्शफेल्ड यांनी उभारलेली लैंगिक विज्ञानाची संस्था नाझींनी मे 1933 मध्ये लुटली आणि तिच्या ग्रंथालयातील पुस्तके जाळली. ते ज्यू आहेत आणि समलिंगी आहेत, या दोन्ही गोष्टी नाझी प्रचाराला एकत्र वापरता आल्या. एका अल्पसंख्याविरुद्धचा द्वेष दुसऱ्याविरुद्धच्या द्वेषाला कसा पोसतो, हे येथे दिसते. मात्र याच काळात, 1933-34 मध्ये, स्टालिनच्या रशियाने क्रांतीनंतर रद्द झालेला हा गुन्हा पुन्हा कायद्यात आणला. उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची झाली की सगळे आपोआप ठीक होईल, असे मानणाऱ्यांनी या तारखेपाशी थांबून विचार करावा.

आता इस्रायलकडे वळू. तेथे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा हलाखातून आला असेल, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ऑटोमन साम्राज्याच्या 1858 च्या दंडसंहितेत प्रौढांच्या संमतीच्या अशा संबंधांना शिक्षा नव्हती. ब्रिटिशांनी 1936 मध्ये पॅलेस्टाइनसाठी जो फौजदारी कायदा केला, त्यात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संगाचे कलम घातले. आपल्याकडे 1860 साली आलेले 377 वे कलम याच कुळातले. इस्रायलचे महान्यायवादी हाइम कोहन यांनी 1953 मध्येच, संमतीने वागणाऱ्या प्रौढांवर खटले भरू नयेत, असा आदेश दिला. ते कलम संसदेने 1988 मध्ये रद्द केले. त्यामागे शुलामित अलोनी यांच्यासारख्या नागरी हक्कवाद्यांचे श्रम होते. आपल्याला त्यासाठी 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागले.

पुढची पायरी कामगार कायद्याची आहे. 1992 मध्ये इस्रायलने नोकरीतील समान संधीच्या कायद्यात लैंगिक कलाचा समावेश केला. एल आल या विमान कंपनीत कर्मचाऱ्याच्या पती वा पत्नीला, इतकेच नव्हे तर लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही सवलतीचे तिकीट मिळे. योनाथान दानिलोविच या कर्मचाऱ्याने आपल्या पुरुष जोडीदारासाठी ते मागितले, कंपनीने नाकारले. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. सवलत जर सहजीवनासाठी आहे, तर सहजीवन कोणाशी यावरून भेद करता येणार नाही, असा त्याचा आशय. एका तिकिटाचा हा तंटा आहे; पण ‘समान कामाला समान मोबदला’ या आपल्या जुन्या घोषणेचाच तो विस्तार होय.

विवाहाचे मात्र तसे नाही. ज्यूंचा विवाह आणि घटस्फोट 1953 च्या कायद्याने धार्मिक न्यायालयांच्या हाती दिला आहे. नागरी विवाहाची सोय कोणालाच नाही. म्हणून समलिंगी जोडप्यांना परदेशी लग्न करावे लागते, आणि त्याची सरकारी नोंद करावी असा आदेश 2006 मध्ये न्यायालयाने दिला. या धर्मपीठाच्या मक्तेदारीचा चटका आपल्या मराठी माणसांनाही बसलेला आहे. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्रायल बांधवांच्या विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश प्रमुख रब्बीपीठाने 1962 मध्ये काढले. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला म्हणून ज्यांना गावाने ‘शनवार तेली’ म्हटले, त्यांचेच ज्यूपण संशयित ठरले! त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. 1964 मध्ये संसदेने त्यांची बाजू उचलून धरली आणि निर्देशातून त्यांच्या समाजाचे नाव वगळावे लागले. लग्न कोणाचे वैध हे ठरविण्याचा अधिकार एका पीठाकडे गेला की आज एक वगळला जातो, उद्या दुसरा.

अमेरिकेतील ज्यू समाजात धर्मसंस्थेच्या आतच वाद झाला. सुधारणावादी पंथाच्या संघटनेने 1974 मध्ये लॉस एंजेलिसच्या समलिंगी ज्यूंच्या प्रार्थनासभेला सदस्यत्व दिले, आणि 1990 मध्ये समलिंगी रब्बींना मान्यता दिली. मध्यममार्गी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, पंथाची कथा अधिक उद्बोधक आहे. त्यांच्या 25 सदस्यांच्या धर्मशास्त्र समितीपुढे 6 डिसेंबर 2006 रोजी परस्परविरोधी निर्णय आले आणि दोहोंना प्रत्येकी 13 मते मिळाली. दोन्ही निर्णय वैध ठरले! ज्यांनी बदल मागितला त्यांनी तोरा नाकारला नाही. तोरामधील निषेध एका विशिष्ट कृतीपुरता आहे. बाकीचे निषेध नंतरच्या रब्बींचे आहेत. आणि रब्बींचा निषेध मानवी प्रतिष्ठेच्या आड येत असेल तर प्रतिष्ठा श्रेष्ठ, हे ताल्मुदचेच तत्त्व आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विरोधी बाजूच्या चार सदस्यांनी राजीनामे दिले.

सनातनी पंथात निषेध कायम आहे. रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी 1976 मध्ये या प्रवृत्तीला ईश्वराविरुद्धचे बंड मानले. त्याआधी 1974 मध्ये रब्बी नॉर्मन लाम यांनी, कृती निषिद्ध असली तरी माणूस विवश असू शकतो आणि विवशाला दोष देता येत नाही, असे मांडले होते. ही दया होती, समता नव्हे. पण दयेनेही दार किलकिले होते. सनातनी संस्थेतून रब्बी झालेले स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी 1999 मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. 2010 मध्ये अनेक सनातनी रब्बींनी एका निवेदनावर सह्या करून, अशा माणसांना प्रार्थनामंदिरात सन्मानाने वागवावे आणि स्त्रीशी लग्न करून ‘बरे’ होण्याचा सल्ला देऊ नये, असे म्हटले. समलिंगी माणसाला ‘बदलून’ देण्याचे पैसे घेणाऱ्या न्यू जर्सीतील एका ज्यू संस्थेला 2015 मध्ये तेथील ज्यूरीने ग्राहकांच्या फसवणुकीबद्दल दोषी धरले. खोटा माल विकल्याचा हा गुन्हा, असे ज्यूरीला पटले.

या सर्व वादाची किंमत कोण देते, हे विसरता कामा नये. बंदिस्त धार्मिक वस्तीत घर, नोकरी, मुलांची शाळा आणि भावंडांची लग्ने समाजाच्या मर्जीवर अवलंबून असतात. तेथे एका तरुणाने खरे बोलणे म्हणजे बहिणीचे स्थळ मोडणे. पोटासाठी समाजावर अवलंबून असलेल्या माणसाला विवेकस्वातंत्र्य कागदावरच मिळते. आणि कधी किंमत याहून भयंकर असते. जेरुसलेमच्या समता-मिरवणुकीत 2005 मध्ये सुरा चालविणारा माणूस दहा वर्षांची शिक्षा भोगून सुटला आणि तीनच आठवड्यांनी, जुलै 2015 मध्ये, त्याने पुन्हा तेच केले. त्यात शिरा बांकी ही सोळा वर्षांची मुलगी मृत्यू पावली. ती मित्रांना साथ देण्यासाठी चालत होती.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. इस्रायलचे सरकार आपल्या या उदारतेची जगभर जाहिरात करते आणि पॅलेस्टिनींच्या प्रदेशावरील ताबा त्याआड झाकू पाहते. ही जाहिरात आपण नाकारली पाहिजे. पण ज्यांनी न्यायालयात, प्रार्थनामंदिरात आणि रस्त्यावर हे हक्क मिळविले, त्यांचे श्रम सरकारच्या खात्यावर जमा करण्याचीही गरज नाही.

मग कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? ‘आमच्या धर्मात हे चालत नाही’ असे कोणी म्हणाले की, कोणाच्या भाष्यानुसार, कोणत्या शतकात, आणि तो निषेध खरोखर धर्माचा की साहेबाच्या कायद्याचा, असे विचारावे. श्रद्धावान माणसाशी बोलताना त्याच्या परंपरेतील करुणेचे धागे आपल्याला ठाऊक असावेत. सनातन्यांचा अर्थ हाच एकमेव अर्थ असे आपणच त्यांच्या वतीने जाहीर करू नये. आणि कायद्याच्या निकालानंतर घर, नोकरी, वारसा, रुग्णालयातील सहीचा अधिकार हे प्रश्न उरतात, याचे भान ठेवावे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोडला. म्हणजे तो राजकीय पक्षांकडे आला. आपल्या शाखेत, आपल्या युनियनमध्ये असा एखादा साथी असेलच. तो बोलला तर त्याचे काम, त्याचे पद आणि त्याची प्रतिष्ठा सुरक्षित राहील काय, याचे उत्तर संसदेपूर्वी आपल्याला द्यावयाचे आहे.

सदोमच्या लोकांनी नाणे दिले, भाकरी दिली नाही. हक्काची घोषणा देऊन जगण्याची सोय न करणे हा त्यातलाच प्रकार आहे. आपले हात त्यात गुंतू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.