हीटर काढला, पाणी कुठे गेलं?

मुंबईच्या हवेत मोटारीच्या हीटरला काम जवळपास नाहीच. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, आणि तेही १९६२ च्या जानेवारीतलं. तरीही थंड मुलखात घडलेल्या काही जुन्या गाड्या डॅशबोर्डखाली हीटरची पेटी घेऊनच इथे आल्या. वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस पायाखालची चटई ओली लागते, पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरतं, गोडसर वास येतो. पेटीतला छोटा रेडिएटर, म्हणजे हीटर कोअर, गळायला लागलेला असतो. बोअरिंगचं क्षाराचं पाणी भरत आलेल्या गाडीत तर हे ठरलेलंच. नवा कोअर मिळत नाही, आणि मालक हीटरच काढून टाकायचं ठरवतो.

काढणं सोपं. दोन रबरी नळ्या सोडवायच्या, चार नट काढायचे, पेटी बाहेर. मग बॉनेटखाली दोन तोंडं उघडी राहतात: एक सिलिंडर हेडकडून येणारं, दुसरं वॉटर पंपाकडे जाणारं. इथे अनेक गॅरेजांत हात आपोआप दोन जाड बोल्टांकडे जातो. नळीत बोल्ट घातला, वर क्लिप आवळली, डमी बसली. काही गाड्यांना हे चालतं. काहींच्या इंजिनाचा याने घात होतो. आपली गाडी यातली कोणती, हे बोल्ट घालण्याआधी बघायला हवं.

नवी मुंबईतल्या उलव्याच्या माणसाला वळवलेला प्रवाह ओळखीचा आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी इथली टेकडी कापली गेली आणि उलवे नदीला नवा मार्ग काढून द्यावा लागला. इंजिनातल्या पाण्यालाही नुसतं अडवून भागत नाही.

थंड इंजिन सुरू होतं तेव्हा थर्मोस्टॅट बंद असतो. साधारण ८० ते ८५ अंशांवर तो उघडू लागतो. तोवर रेडिएटरची वाट बंद. पंप मात्र पहिल्या फेऱ्यापासून फिरत असतो. त्याने ढकललेलं पाणी हेडमधून फिरून परत पंपाकडे यावं म्हणून एक आडवाट ठेवलेली असते, तिला बायपास म्हणतात. हा बायपास वेगळा आणि शाबूत असेल, तर हीटरची दोन्ही तोंडं बंद करून चालतं. पण हीटरची नळीच बायपासचं काम करत असेल, तर तोंडं बंद केल्यावर पाणी जागच्या जागी उभं राहतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती ते उकळतं, थर्मोस्टॅटपर्यंत उष्णता वेळेत पोचत नाही, आणि डॅशबोर्डवरचा काटा शांत दिसत असताना हेड गॅस्केट जायची वेळ येते.

मॉरिस मायनर हे याचं चांगलं उदाहरण. १९५२ नंतरच्या मायनरमध्ये जे ए-सीरिज इंजिन आलं, त्यात हेड आणि पंप यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक बायपास नळी असते. जागा इतकी अडचणीची, की ती बदलताना मेकॅनिकच्या बोटांची सालं निघतात. म्हणून ती फुटली की काही जण कायमची बंद करून टाकतात. हीटर चालू असेपर्यंत पाणी हीटरमार्गे फिरतं आणि काही बिघडत नाही. पुढे कुणी हीटरही काढला आणि डमी मारली, की दुसरी वाटही संपते. अशा गाडीत थर्मोस्टॅटच्या चकतीला लहान भोकं पाडतात, नाहीतर दोन तोंडं एकमेकांना जोडून पाणी फिरतं ठेवतात.

जोडायचं तेही विचार करूनच. कोअरच्या बारीक नळ्यांमुळे पाण्याला आपोआप लगाम बसत होता. सरळ मोठी नळी जोडली, तर गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परततो. म्हणून जाणकार मेकॅनिक नळीच्या आत मधोमध भोक असलेली पितळी चकती बसवतो. नळी सरळ तुकड्यातून वाकवली की कोपऱ्यात मुडपते, आणि मुडपलेली नळी म्हणजे बंद नळी. त्यामुळे वळण साच्यातलंच घ्यावं. बागेची पाइप तर मुळीच नको. गरम पाण्यात ती मऊ होऊन तोंडावरून निसटते. धातूच्या तोंडावरचा गंज घासून काढावा, नळी त्याच्या उंचवट्यापलीकडे सरकवावी आणि क्लिप उंचवट्याच्या मागे आवळावी. नळी एक्झॉस्टला आणि पंख्याला टेकता कामा नये.

मुंबईत जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर फियाट येते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात काढलेली ही १०८९ सीसीची गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने धावली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. हौशी मालकांच्या पद्मिनी अजून फिरतात. त्या पिढीच्या गाड्या बोरघाट चढताना बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. ज्यांच्या गाडीत हीटर होता, ते अशा वेळी भर उन्हात तो पूर्ण चालू करत. घामाघूम व्हायचं, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या छोट्या रेडिएटरमधून बाहेर जायची. हीटर काढला की ही सोय जाते. म्हणून त्याच वेळी मोठा रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा आणि झाकणही तपासावं. ७ पौंड दाबाचं झाकण नीट धरत असेल, तर साधं पाणीसुद्धा सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की तेच पाणी शंभरालाच उसळतं.

या निमित्ताने आणखी एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं आपल्याकडे फार चालतं. त्याने इंजिन तापायला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये गाळ धरतो आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. थर्मोस्टॅट जुना झाला असेल तर नवा घालावा, त्याची जागा रिकामी ठेवू नये.

नळ्या बसल्यावर पाणी हळूहळू भरावं. घाईने ओतलं की वरच्या वळणात हवा अडकते. गाडीचं तोंड चढाला करून, झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करावं. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, तेव्हा भर घालावी. तापलेल्या इंजिनाचं बंद झाकण मात्र कधीच उघडू नये.

उलव्यातल्या मालकाला हे सगळं जास्तच लागू आहे. शिवाजीनगरवरून अटल सेतूवर गाडी चढली की शिवडीपर्यंत समुद्रावर सहज थांबता येत नाही. एकूण २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर पाण्यावर. तिथे नळी निसटली तर मागून ताशी १०० च्या वेगाने वाहनं येत असतात. म्हणून पहिली फेरी उलव्याच्या सेक्टरांतच मारावी, इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं आणि क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात. तापल्यावर नवं रबर थोडं बसतं.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नये. त्यातलं ग्लायकोल विषारी असून चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. शिवाय इथली गटारं अखेर खाडीलाच मिळतात. डब्यात भरून ते कचरा रीतसर घेणाऱ्याकडे द्यावं. आणि हीटरची पेटी भंगारात घालू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पेटी, कॉक आणि नळ्यांचे जुने तुकडे चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवले, तर पुढच्या मालकाला सगळं पुन्हा जागेवर बसवता येईल.