सिस्टर अहवाल वाचतात तेव्हा



डिसेंबर लागला की आपल्या भोसरीत स्नेहसंमेलनांचा मोसम सुरू होतो. अंकुशराव लांडगे नाट्यगृहाबाहेर शाळांच्या बसगाड्या, आत पावडर-लाली लावलेली पोरं, आणि आपण आया मोबाइल उंच धरून बसलेल्या. पडदा उघडण्याआधी मुख्याध्यापिका सिस्टर वार्षिक अहवाल वाचतात. इंग्रजीत, पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात आपण पोराचा फेटा सारखा करून घेतो, शेजारणीशी दोन शब्द बोलून घेतो. आज मला बोलायचंय ते त्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल.

आधी एक सांगते. आपल्याकडे इंग्रजी पाटी दिसली की शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची पद्धत आहे. ज्या शाळा खरोखर चर्चच्या, म्हणजे फादर-सिस्टरांच्या संस्था चालवतात, त्या वेगळ्या. पुण्यात कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स 1867 पासूनची, पाषाणची लॉयोला 1961 सालची. दोन्ही जेझुइट फादरांच्या. त्यांच्या शिस्तीचं नाव ऐकून आपण आपल्या भागातही कॅथलिक शाळा शोधतो. पण शिक्षणहक्क कायद्यातल्या 25 टक्के मोफत जागा तिथे मिळत नाहीत. अल्पसंख्याक संस्थांना तो कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. म्हणजे फी सगळी आपल्याच खिशातून, नवऱ्याच्या ओव्हरटाइममधून नाहीतर भिशीतून. एवढे पैसे मोजल्यावर शाळेत वर्षभर काय झालं, हे आपल्याला कळायला नको का?

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या आईने शाळेचा छापील अहवाल आणून दाखवला. कुठल्या शाळेचा ते सोडा. पहिली तीन पानं दहावीत नव्वदच्या वर गेलेल्यांचे फोटो. पुढे पाहुण्यांचे फोटो. विज्ञान विभाग, गणित विभाग, मराठी विभाग यांना मिळून अर्धं पान. त्या माउलीचा मुलगा साठ टक्क्यांचा. ती म्हणाली, “ताई, यात माझा पोरगा कुठंय?”

त्या अर्ध्या पानातच शोधायचा. नव्वदवाल्यांच्या यशात घरचाही वाटा असतो, क्लासचाही असतो. साठवाल्याचं बरंचसं वर्गावर आणि प्रयोगशाळेवर अवलंबून. राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखी आणि 20 प्रात्यक्षिक-अंतर्गत. ते 20 देण्याचं काम शाळेचं. मग विचारा, माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने प्रयोग किती केले? की बाईंनी टेबलावर करून दाखवले आणि मुलांनी वही उतरवून काढली? वडील सीएनसी मशिनवर दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेतात आणि मुलाने दहावीपर्यंत व्हर्नियर हातात धरलेला नाही, असं होऊ नये.

आता पदकांचं. ‘ऑलिम्पियाड सुवर्णपदक’ असं छापून येतं तेव्हा परीक्षा कोणाची, हे बघा. देशाचा संघ निवडणारी खरी विज्ञान ऑलिम्पियाडं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली होतात. बाकीच्या बऱ्याच खाजगी कंपन्यांच्या. फी भरायची, पुस्तकं घ्यायची, आणि वर्गात पहिला येईल त्याच्या गळ्यात पदक. सरावाला वाईट नाही, पण पैसे विचार करून भरा. त्यापेक्षा बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा कसोटी बघणारी आहे. लेखी झाल्यावर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजनाही विचारा. तिथे गुण बघत नाहीत, मुलाची कल्पना बघतात. निवड झाली तर नमुना बनवायला 10,000 रुपये मिळतात. मात्र नाव शाळेनेच पाठवावं लागतं. साठ टक्केवाल्याचंही पाठवता येतं!

आणि एक गोष्ट प्रवेशाआधीच विचारायची: शाळा अनुदानित आहे का? आठवीची एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळेतलं मूल कितीही हुशार असलं तरी त्याला बसता येत नाही. चर्चच्या जुन्या शाळांपैकी काही अनुदानित आहेत.

आता मराठी विभाग. इथे मी जरा जास्त बोलणार. कॉन्व्हेंटमध्ये घातलं म्हणजे मराठीचं काय एवढं, असं आपणच म्हणतो. सरकारने 2020 साली कायदा करून राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. पण कायद्याने तास होतो, गोडी लागत नाही. आणि फादर लोकांना मराठीचं वावडं आहे, हा आपला गैरसमज. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडचा जेझुइट गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि त्याने ओवीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते 1616 साली छापलं गेलं. आपल्या काळातले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. नंदाखालच्या संत जोसेफ शाळेत, म्हणजे चर्चच्याच शाळेत, मराठीतून शिकले. पुढे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईतल्या त्या वर्गात मराठी कोणी कशी शिकवली असेल, त्याची बातमी तेव्हाच्या कुठल्या अहवालात आली नसणार.

म्हणून पालकसभेला जाल तेव्हा मराठीच्या बाईंना भेटाच. त्यांच्या टेबलापुढे गर्दी नसते, गणिताच्या सरांपुढे रांग असते. वर्षात मुलांनी किती पुस्तकं घरी नेली, निबंध स्वतः लिहितात की फळ्यावरून उतरवतात, वर्गात उभं राहून बोलायला मिळतं का, विचारा. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कुठल्या विभागाचं काय चाललंय, ते मराठीत सांगायला सांगा. सिस्टर केरळच्या असोत की मंगळूरच्या, बऱ्याच जणींना मराठी कळतं. आपण बोलत नाही म्हणून त्या इंग्रजीत बोलतात.

आणि ज्यांची मुलं राज्य मंडळाच्या दहावीला आहेत त्यांनी घरी गेल्यावर चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं प्रमाणपत्र शोधा. त्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात, पण प्रस्ताव शाळेने मुदतीत मंडळाकडे पाठवावा लागतो. निकालानंतर रडून उपयोग होत नाही. कपाटात, गादीखाली, जुन्या दप्तरात, कुठे असेल तिथून काढा, त्याची झेरॉक्स करा आणि सोमवारी चित्रकलेच्या सरांच्या हातात द्या.