दारू सोडायला जायचे कोठे?

(भोपाळ येथील बरखेडा वसाहतीत मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि भोपाळात तिच्या कारखान्याभोवती बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या वसाहती उभ्या राहिल्या. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा त्या निमित्ताने येथे आले. भावकी दूर गावी राहिली. खालच्या घरात राहणारा गृहस्थ मात्र कारखान्यात आपल्याच विभागातला असतो. अशा वसाहतीत घरातील एखाद्याचे पिणे वाढले, तर ते सांगावे कोणाला, हा प्रश्न गावाकडच्यापेक्षाही अवघड होतो. आजच्या विषयाकडे मी त्याच बाजूने येणार आहे.

गेली वीस वर्षे मी दारूबंदीचे फलक लिहून घेत आलो आहे. एका वर्षी माझ्या मावसभावाच्या गावी असाच एक फलक लागला. त्यानंतर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, दारू सोडा असे तुम्ही लिहिले आहे. पण ती सोडायला जायचे कोठे, ते काही लिहिले नाही.” मजजवळ उत्तर नव्हते. पत्ते मिळविणे हेच ज्याचे काम, त्याच्याजवळ हा पत्ता नसावा, याची मला आजही लाज वाटते.

त्याच पाडव्याला मावसभावाने देवापुढे शपथ घेऊन दारू एकदम बंद केली. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला, झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे चालताना दिसू लागले. बाधा झाली असे समजून देवऋषी आणण्यात आला व त्यात दीड दिवस गेला. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले, “आणखी उशीर झाला असता तर जीव गेला असता.”

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगितले. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर व मेंदू दारूला सरावलेले असतात. ती अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. यावर औषधे आहेत; ‘ब’ जीवनसत्त्वापैकी थायमिनही द्यावे लागते. म्हणून अशा माणसाने सोडण्याचा निश्चय केला, की पहिली पायरी डॉक्टरची. निश्चय कितीही पक्का असला तरी तो औषधाची जागा घेत नाही.

दुसरी गोष्ट, ‘रुग्णास न कळविता दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचल्या असतील. त्या पुडीत काय असते हे कोणास ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेऊन दारू प्यायल्यास उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. डॉक्टर ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. आमटीत लपवून घातलेले तेच औषध प्राणावर बेतू शकते. भगिनींनी कृपया हे लक्षात ठेवावे.

आता पत्ते. येथे भोपाळात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, मनोविकार विभाग आहे. हमीदिया रुग्णालयातही आहे. ‘मनोविकार’ या शब्दाने बिचकू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे, आणि २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सेवेचा क्रमांक १४४१६. घरचा कोणीही तेथे बोलू शकतो. पिणारा स्वतः बोललाच पाहिजे असे नाही.

पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट व लेखक अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साहाय्य होते. गर्दच्या व्यसनावर अवचटांनी केलेल्या लेखनातून ही गोष्ट घडली. तेथे रुग्ण काही आठवडे राहतो आणि घरी गेल्यावर पाठपुराव्यासाठी येत राहतो. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे. माझ्या मते या गटाचे मोल फार मोठे आहे. नवरा उपचाराला तयार होण्याची वाट पाहत स्त्रीने दहा वर्षे काढावीत, हे काही बरोबर नाही. तिला आधार आधी मिळाला पाहिजे.

याहून सोपा मार्ग ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन या गावी एक शेअर दलाल व एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने गांजलेले, एकमेकांना सावरण्यासाठी बोलू लागले. त्यातून ही संघटना झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. फी नाही आणि आडनाव कोणी विचारीत नाही. आज एक दिवस प्यायची नाही, एवढेच तेथे ठरवितात. कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ आहे. वसाहतीत बोभाटा होईल या भीतीने जे घराबाहेर पडत नाहीत, त्यांना हे विशेष सोयीचे आहे.

खेड्यांतून असे गट नसतात, हे मी जाणतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही पिणारे होतेच. म्हणून तेथे २०१६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात तालुक्याच्या ठिकाणी उपचार केंद्रे व गावोगावी शिबिरे घेण्यात आली. गुत्ता बंद करणे आणि पिणाऱ्यावर उपचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आम्ही अधिकारी पहिल्याचा अहवाल पाठवितो आणि दुसरे विसरतो.

काही केंद्रांतून माणसाला कोंडून मारहाण होते अशा तक्रारी ऐकू येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनामुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. दाखल करण्यापूर्वी नोंदणी झाली आहे काय व डॉक्टर किती वाजता येतात, एवढे जरूर विचारावे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसून आले, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरी आमचे फलक पोहोचलेच नसतील, असे मला वाटत नाही.

माझा मावसभाऊ त्यानंतर तीन वेळा घसरला. दर वेळी लोक म्हणाले, “गेला कामातून.” डॉक्टर मात्र म्हणाले, “मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पुन्हा तपासतो.” तो पुन्हा गेला. सध्या तो पीत नाही. वहिनी दर महिन्याला त्याच्याबरोबर जातात आणि बाहेरच्या बाकावर बसून नव्याने आलेल्या बायकांशी बोलतात.

हे भाषण पत्रिकेत छापले जाईल तेव्हा खेड्यांतील शिक्षक व ग्रामसेवक ते वाचतील. त्यांना विनंती आहे, की वर सांगितलेले दोन क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, घोषणेच्या खालीच, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावेत. येथे जमलेल्यांसाठी पत्त्यांचे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत. कोणासाठी हवा आहे, ते तेथे कोणीही विचारणार नाही.