पखवाजाची कणीक

नोकरीनिमित्त हैदराबादेस राहू लागल्यापासून श्रावणात वास्कोला घरी जाणे मला क्वचितच साधले. यंदा दोन दिवसांची रजा मिळाली. तेथे श्रीदामोदराच्या सप्ताहात २४ तास अखंड भजन चालते; एक मंडळी उठते तोच दुसरी सूर धरते. आमची जुनी मंडळी पाच जणांची. पेटी माझ्याकडे, पखवाज दादांकडे.

पोचलो तेव्हा आई कणीक मळीत होती. "पोळ्या आहेत वाटतं?" मी विचारले. "पोळ्यांना नव्हे रे, पखवाजाला!" पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापली म्हणजेच त्याला तो भरदार घुमारा येतो, आणि ती भिजवून देण्याचा मान आईचा. या खेपेस तिने गोळे दोन केले होते. दादांचा हात अलीकडे कापतो; लावताना एखादा खाली पडतो.

आमची पाळी रात्री दोनची. झांज वाजविणारा आमचा सोबती आता नाही. त्याची झांज घेऊन त्याचा मुलगा आला होता. आमच्याकडे घरचे बोलणे कोंकणी, पण भजनाला बसले की अभंग मराठी. तिसऱ्या अभंगात दादांचा हात थबकला. पेटी चालू होती, पण लय कोण राखणार? त्या मुलाने झांजेवर ठेका धरून ठेवला. अगदी बापासारखा, किंचित घाईने. दादांनी मनगट झटकले आणि समेवर पुन्हा थाप दिली.

परतलो तो उजाडले होते. आई दारातच उभी होती.

"तुटलं नाही ना रे?" एवढेच तिने विचारले.