थांबावे केव्हा?

धुके दाटलेल्या रात्री घाट उतरणाऱ्या वाटसरूला दरीचा तळ दिसत नाही. पायाखालचा उतार तेवढा कळतो. उतार संपला की तो थांबतो. परंतु तो खरोखर तळाशी आला, की मधल्याच एखाद्या सपाटीवर उभा आहे? गणकयंत्राच्या साहाय्याने पदार्थांची अणुरचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न असतो.

वॉल्टर कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ आणि १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतामुळे स्फटिकाची ऊर्जा गणिताने काढणे सुकर झाले. तिच्यावरून प्रत्येक अणूवरील बल कळते. गणकयंत्र अणूंना त्या बलाच्या दिशेने किंचित सरकवते आणि पुन्हा हिशेब करते. या क्रियेला रचनेचे शिथिलीकरण म्हणतात.

ऊर्जेत फरक पडेनासा झाला की थांबावे, हे उत्तर सोपे खरे, पण फसवे. तळाजवळ अणूचे अंतर दहापट घटले, तर बल दहापट घटते, ऊर्जेतील तफावत मात्र शंभरपट. त्यामुळे बल शिल्लक असतानाच ऊर्जा स्थिरावल्याचा भास होतो. म्हणून जाणते संशोधक उरलेल्या सर्वांत मोठ्या बलाकडे पाहतात. ते दर अँगस्ट्रॉमला ०.०१ इलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी असावे, अशी मर्यादा पुष्कळदा घालतात. अर्थात इलेक्ट्रॉनांचा हिशेबच ढिला असेल, तर त्यातून निघालेले बलही विश्वासार्ह नसते.

एवढ्यानेही काम संपत नाही. बेरियम टायटॅनेटचे उदाहरण घ्यावे. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा स्फटिक घनाकृती असतो आणि टायटॅनियमचा अणू सरासरीने मध्यभागी असतो. गणनेत त्याला तेथेच ठेवले, तर चहूबाजूंची ओढ सारखी असल्याने बल शून्य येते. गणकयंत्र पहिल्याच पावलाला काम पूर्ण झाल्याचे सांगते! पण अणूला मध्यापासून जरासे हलवावे, की तो आणखी दूर सरकतो आणि ऊर्जा उतरते. या सरकण्यातूनच पदार्थाला त्याचा प्रसिद्ध विद्युत्‌गुण लाभतो. पहिल्याच उत्तरावर विसंबणाऱ्याच्या हातून तो गुणच निसटतो.

यावर उपाय आहे. आरंभीची समप्रमाणता थोडी मोडून पाहावी आणि शेवटी अणूंच्या कंपनांचा हिशेब करावा. एखाद्या कंपनाच्या वारंवारतेचा वर्ग ऋण आला, तर त्या दिशेला उतार अद्याप बाकी आहे, असे समजावे. बल शून्य होणे ही तळाची एक खूण आहे, पुरावा नव्हे. ही शेवटची परीक्षा पार पडल्यावरच शास्त्रज्ञाने लेखणी खाली ठेवावी.